पहिली पळी

"घरात देव किती?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"सात टाक आहेत. शिवाय माहूरच्या देवीचा मुखवटा."

"पूजा कोण करतं?"

"वडील गेल्यापासून मीच."

"नैवेद्य?"

"आई दाखवते."

"आणि खातं कोण?"

"दोघी," मी म्हटलं. "आणखी कोण आहे?"

त्यांच्यापुढे सुपात गहू होते. त्यांनी दोन खडे वेचून बाजूला ठेवले, सूप एकदा घोळलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "मग तुझं अवघड आहे, बाई."

धामणी गावच्या टोकाला, पूर्णा नदीच्या अलीकडे महानुभावांचा छोटा आश्रम होता. महंत बाबाजी आणि पाच-सहा साधक तिथं राहत. सुभद्राबाई त्यांतल्या सगळ्यांत वडील तपस्विनी. पांढरं लुगडं, डोक्यावरून घट्ट पदर, आवाज कोरडा. मी तेव्हा चौतीस वर्षांची, मुलींच्या शाळेत शिक्षिका. लग्न झालं नव्हतं, आणि होईल असं कोणी म्हणायचंही बंद केलं होतं. घरात आई आणि मी. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. तिला उजेड आणि अंधार कळे, माणूस आवाजावरून कळे. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की तिचं उत्तर ठरलेलं, "पाहासारखं काय राह्यलं आता?"

वडील गेले तेव्हा मी एकच प्रश्न तिघांना विचारला होता. ते आता कुठं असतील? गावच्या गुरुजींनी दानाच्या वस्तूंची यादी सांगितली. माझ्या शाळेतल्या एस्तेर साळवे बाईंनी माझा हात धरून डोळे मिटले आणि माझ्यासाठी प्रार्थना केली, ती इतकी मनापासून की मला शाळेच्या व्हरांड्यात रडू आलं. सुभद्राबाई म्हणाल्या, "ते मला ठाऊक नाही. तू कुठं जाणार आहेस, ते विचार."

त्यानंतर वर्षभर मी दोन्हीकडे जात राहिले. रविवारी एस्तेरबाईंच्या चर्चमध्ये, बाजाराच्या दिवशी आश्रमात. लोकांना मोठी मौज वाटे. आई म्हणायची, "एक देवी पुरत नाही वं तुले? बाजारात लुगडं पाहाले गेल्यावानी देव पाहून राह्यली."

रोज सकाळी मी टाक धुवायची, पुसायची, गंध लावायची, आणि भांडी घासताना जे वाटतं त्याहून निराळं काही वाटत नसे. हे कोणाला सांगायचं?

एस्तेरबाई आणि सुभद्राबाई एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण एका गोष्टीवर दोघींचं एकमत होतं. दुसऱ्या देवापुढे ठेवलेलं अन्न आपल्याला चालत नाही. एस्तेरबाई हे हसत सांगायच्या, सुभद्राबाई न हसता. फरक पुढं होता. एस्तेरबाई म्हणाल्या होत्या, "आमच्यात एका दिवसात होतं, इंदुताई. पाण्यात जायचं, बाहेर यायचं. ईस्टरला पाळकसाहेब सहा जणांना बाप्तिस्मा देणार आहेत. सातवी जागा तुमची."

सुभद्राबाईंनी त्या दिवशी गहू बाजूला ठेवून वेगळंच सांगितलं. "उपदेश घेऊन पंथात येण्याची घाई नको. सव्वा महिना पाळून पाहा. इतर देवांची पूजा बंद. त्यांच्यापुढे ठेवलेलं तोंडात घालायचं नाही. पहाटे उठून श्रीकृष्णाचं नाव घ्यायचं. निभलं तर बाबाजींना सांगू. नाही निभलं तर तू तुझ्या घरी सुखी."

मला ते आवडलं. पाळून बघता येईल अशी एक गोष्ट तरी कोणीतरी पुढ्यात ठेवली होती.

पूजेचं आईला सांगणं जड गेलं नाही. "सकाळी शाळेची धांदल होते," मी म्हटलं. आई म्हणाली, "मग राहू दे. माह्या हाताले अजून टाक ओळखू येतात." आणि दुसऱ्या दिवसापासून तीच चाचपत चाचपत टाक धुवू लागली. रेणुका कोणती, खंडोबा कोणता, ते ती अंगठ्यानं ओळखायची.

पेच होता तो जेवणाचा. आमच्या घरी दुपारचा नैवेद्य देवीला दाखवल्याशिवाय कोणी घास घेत नसे. आई तर चहाही घेत नसे. रात्री नैवेद्य नव्हता, त्यामुळे रात्रीचा प्रश्न नव्हता. पण दुपारी आईला देवीच्या आधी चालायचं नाही, आणि मला देवीच्या नंतर चालायचं नव्हतं. चूल एक, पातेलं एक.

मी त्यातून वाट काढली. तेव्हा मला ती फार शहाणपणाची वाटली होती. सकाळी आठला स्वयंपाक उरकायचा. आई अंगणात तुळशीपाशी असताना भात, वरण आणि दोन भाकरी आधीच डब्यात भरून घ्यायच्या. देवापुढे ठेवलेलंच चालत नाही ना? मग हे तर ठेवायच्या आधीचं. आईनं अकराला नैवेद्य दाखवला की तोवर माझा डबा शाळेत पोचलेला. रविवारी तोच डबा घेऊन मी चर्चला जायची. तिचं तिच्याकडे, माझं माझ्याकडे. पातेल्यातल्या भाताला पडलेला खळगा मी ओल्या पळीच्या पाठीनं सारखा करून ठेवत असे.

पळीनं भात सारखा करताना काही चुकतंय असं मला कधी वाटलं, ते आठवत नाही.

पहिल्या आठवड्यात आईनं एकदाच विचारलं, "डबा कायले नेतं? घरी येऊन जेवत होती ना दुपारी?"

"वर्ग वाढलेत, माय. मधल्या सुट्टीत यायला जमत नाही."

"बरं."

दिवस जात होते. पहाटे चारला उठून मी मागच्या खोलीत बसायची, नाव घ्यायची. पंधराव्या-सोळाव्या दिवसापासून तिथं बसणं बरं वाटू लागलं. त्याहून मोठं काही झालं नाही, पण मला तेवढंही पूर्वी कधी झालं नव्हतं. आश्रमात गेल्यावर सुभद्राबाई विचारायच्या, "निभतंय?" मी म्हणायची, "एकही दिवस चुकला नाही." त्या मान हलवायच्या. शाळेत एस्तेरबाई डब्यात डोकावून म्हणायच्या, "काय ताई, परीक्षेला बसलात म्हणे! निकाल लागला की सांगा. नापास झालात तर आमच्याकडे परीक्षा नाही." आणि स्वतःच खळखळून हसायच्या.

तेहतिसावा दिवस शुक्रवार होता. शाळा भरली आणि लगेच निरोप आला की पूर्वीचे मुख्याध्यापक वारले. शोकसभा झाली, शाळा सुटली. साडेअकराच्या सुमारास मी घरी पोचले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं.

आई मागच्या दारात उंबऱ्याच्या आत बसली होती. तिच्यापुढे तिचं ताट होतं, आणि ताटात तोंड घालून शेजारच्या जिजाकाकूंची शेळी भात खात होती. आई तिच्या मानेवरून हात फिरवत होती.

"खाय, खाय," आई तिला म्हणत होती. "तुले बरं हाय, माय. तुले कोन्ताच नेम नाही."

मी तिथंच थांबले. मग देवघराकडे पाहिलं. देवीपुढच्या वाटीत गुळाचा अर्धा मोडलेला खडा होता. भाताची मूद नव्हती, वरण नव्हतं, भाकरीचा तुकडा नव्हता. गुळाला मुंग्या लागलेल्या.

"माय," मी हाक मारली.

तिनं शेळीच्या मानेवरचा हात काढला. "आज लवकर आली?"

"शाळा सुटली. तू जेवली नाहीस?"

"झालं माह्यं."

"काय झालं? ताट तर शेळी खातेय."

"गूळ-पानी झालं. म्हातारीले किती लागते?"

मी तिच्याजवळ बसले. तेव्हा प्रथम तिच्या मनगटातल्या चांदीच्या पाटल्या पार कोपरापर्यंत सरकलेल्या मला दिसल्या. रात्री आम्ही कंदिलाच्या उजेडात जेवायचो. मी ताटाकडे बघत असायची, तिच्याकडे नाही.

"किती दिवस चाललंय हे?"

"तू डबा नेऊन राह्यली, तवापासून."

"तुला कोणी सांगितलं? जिजाकाकूंनी?"

"भातानं सांगतलं." तिनं उजव्या हाताची बोटं वर धरली, जणू ती मला दिसावीत म्हणून. "मूद कराले मी पातेल्यात हात घालतं ना? आपसूक बसलेला भात निराळा लागते, अन् पळीनं बसवलेला निराळा. पह्यल्याच दिवशी कळलं."

"मी त्यातलं खाल्लं नव्हतं गं. डब्यात नुसतं काढून ठेवलं होतं. उष्टं नव्हतं ते."

"पह्यली पळी कोनाची होती?"

मी पुन्हा देवघराकडे पाहिलं.

"पह्यली पळी तिची," आई म्हणाली. "ती तुह्या डब्यात गेली, तं मागचं तिले कसं ठेवू? अन् तिले ठेवलं नाही, तं मी कसं खाऊ? गुळाचा खडा तेवढा कोनाच्या हातचा नव्हता. तोच ठेवला. तोच खाल्ला."

"मग मला का नाही बोललीस? एक शब्द बोलायचा होतास!"

"काय बोलू?" आईचा आवाज चढला नाही. "तू पहाटे उठतं, मागच्या खोलीत बसतं, मले ऐकू येते. तुह्या बापाच्या मागं इतक्या दिवसात तू पह्यल्यांदा कशाले तरी धरून बसली. तुले सांगू, नेम मोड म्हनून? मले कोनी सांगतलं असतं तं मी मोडला असता काय?"

शेळीनं ताट चाटून पुसून ठेवलं होतं. आई तिला म्हणाली, "जा आता. तुह्या घरी जा."

दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा करून मी थेट आश्रमात गेले. सुभद्राबाई दोरीवर वाळलेली वस्त्रं काढत होत्या. मी दंडवत घातला आणि सगळं सांगितलं: डबा, पळी, गूळ, शेळी. कपड्यांच्या घड्या करत त्यांनी ऐकून घेतलं.

मी शेवटी म्हटलं, "माझा नेम मात्र मोडला नाही. देवापुढचं मी काही खाल्लं नाही."

"चूल कोणासाठी पेटवलीस?" त्यांनी विचारलं.

"दोघींसाठी."

"आईच्या लेखी ती देवीसाठीच पेटली ना? त्या घरात दुपारचं अन्न देवीच्या नावानं शिजतं, असं तूच सांगितलंस पहिल्या दिवशी."

"हो."

"मग डबा आधी भरलास काय आणि नंतर भरलास काय." त्यांनी घडीवर घडी ठेवली. "तुझा नेम तेहतीस दिवस मोडलेलाच होता. आणि तिचाही तू मोडायला निघाली होतीस, तिनं तो हातून जाऊ दिला नाही, एवढंच."

मी विचारलं, "आता?"

"आता पुन्हा पहिल्यापासून. सव्वा महिना. चूल वेगळी करून."

"बाई, आई आंधळी आहे. मी एकटी मुलगी. गाव काय म्हणेल?"

"ते मला ठाऊक नाही," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि वस्त्रं घेऊन आत गेल्या.

चूल वेगळी करणं म्हणजे आमच्या भागात काय असतं, ते सांगायला नको. भाऊ भाऊ भांडले की चूल वेगळी होते. सून सासूला विटली की चूल वेगळी होते. आंधळ्या आईपासून लेकीनं चूल वेगळी केल्याचं मी तरी कुठं ऐकलं नव्हतं. रविवारी मी चर्चमध्ये गेले नाही, आश्रमातही गेले नाही. घरातच बसले. दुपारचा स्वयंपाक केला आणि डबा न भरता पातेलं तसंच आईच्या पुढ्यात सरकवलं. तिनं भातात बोटं घातली, थोडी थांबली, मग मूद केली. मी दिवसभर पाण्यावर राहिले. तिनं मला जेव म्हटलं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत एस्तेरबाईंनी मला गाठलं. "तोंड का उतरलंय? नापास?"

मी त्यांनाही सगळं सांगितलं. त्या नेहमीसारख्या हसल्या नाहीत. संध्याकाळी शाळा सुटताना धावत माझ्यामागं आल्या. त्या मधल्या तासाला पाळकसाहेबांकडे जाऊन आल्या होत्या.

"मी विचारून आले, इंदुताई. ते म्हणाले, आईशी भांडण नको. आईला तिचं करू दे. तुमच्या ताटात येईल ते मनात प्रार्थना करून, देवाचे आभार मानून खा. देव मन बघतो." त्यांनी माझा दंड धरला. "बघा, इतकं सोपं आहे. चूल मोडायला नको, काही नको. येत्या रविवारी ईस्टर. या ना!"

ते खरंच सोपं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. एस्तेरबाईंइतकी मायेची बाई मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. त्यांच्या चर्चमधलं गाणं मला आवडायचं. आणि त्या वाटेनं गेले असते तर आई दुपारी जेवली असती, मी जेवले असते, गावात कोणाला बोलायला जागा उरली नसती.

मी घरापर्यंत चालत आले ती हाच विचार करत. मनात म्हणून खायचं. मग वेशीजवळ आल्यावर मला वाटलं, हे तर आईलाही जमलं असतं. पातेल्यात हात घातल्यावर खळगा लागला, तर मनात देवीची क्षमा मागायची आणि मूद ठेवायची. कोण बघणार होतं? तिला स्वतःलाही दिसलं नसतं. तेहतीस दिवस तिनं शेळीला भात घातला.

वर्षभर मी दोन दारांपाशी जाऊन विचारत होते की धरून बसणं म्हणजे काय. घरात ते चाललं होतं, तेव्हा मी पळीनं भात बसवत होते.

दुसऱ्या दिवशी मी एस्तेरबाईंना नाही म्हणून सांगितलं. त्यांचे डोळे भरले, मग त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, "जा बाई. पण नाताळला करंज्या खायला यायचं हं. त्या कोणापुढे ठेवलेल्या नसतात, मी शपथेवर सांगते." मी गेले. पुढं दर वर्षी गेले.

पण त्याआधी, सोमवारी संध्याकाळी घरी पोचल्यावर मला आईपुढे ते वाक्य बोलायचं होतं, आणि ते तोंडातून निघत नव्हतं. मी पाणी प्याले. हातपाय धुतले. कंदिलाची काच पुसली.

आईच म्हणाली, "काय म्हनली तुही बाई?"

"चूल वेगळी कर म्हणाली."

आई भिंतीला टेकून बसली होती. गल्लीतून गुरं परत येत होती, त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. त्या ऐकू येईनाशा झाल्यावर ती म्हणाली, "लोक म्हनतीन, म्हातारीले टाकली."

"म्हणतील."

"तुले चालन?"

"नाही चालणार," मी म्हटलं. "पण करीन."

तिनं दोन्ही हात जमिनीला टेकून स्वतःला उठवलं. "चूल येते काय वं तुले घालता? शाळेत शिकवतात काय?"

"नाही."

"मग? बाजारातून आनतं काय? नदीची माती आन उद्या. काळी नको, पिवळी. अन् जिजीकडून थोडं भुसकट माग."

मंगळवारी शाळेत जाण्याआधी मी दोन टोपल्या माती आणली. संध्याकाळी परत आले तर आईनं ती भिजवून, भुसकट घालून, पायानं तुडवून ठेवली होती. जुनी चूल उजव्या कोपऱ्यात होती. डावा कोपरा तिनं हातानं झाडला, वीत लावून भिंतीपासूनचं अंतर मोजलं आणि बसली. मी मातीचे गोळे करून देत होते, ती घेत होती. दोन बाजू, मागची भिंत, भांडं टेकायला तीन उंचवटे. ती एकेक उंचवटा तळव्यानं तोलून बघत होती, सारखे आहेत का. तिच्या डोळ्यांची तिला त्या वेळी काही गरजच पडली नाही. जिजाकाकू मध्ये डोकावून गेल्या, "काय अनसूयाबाई, दुसरी चूल? कोणाचं लग्न?" आई म्हणाली, "लेकीचं वेगळं बिऱ्हाड हाय. पह्यले भांडी घेऊन ये, मंग इचार." काकू हसतच गेल्या, पण गेल्या त्या थेट गल्लीभर सांगायला.

चूल तीन दिवस वाळली. शनिवारी मी सकाळची शाळा करून आल्यावर आईनं तिच्यावरून हात फिरवला आणि "झाली" म्हणाली. मी शेणानं ती सारवली, तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्या मांडल्या, काडेपेटी हातात घेतली.

"थांब," आई म्हणाली.

नवी चूल पेटवण्याआधी तिची पूजा करतात. हळद, कुंकू, दोन फुलं. आमच्या घरात ते कधी चुकलेलं नव्हतं. आई कोनाड्याकडे गेली, कुंकवाचा करंडा तिनं न चाचपता उचलला, चुलीपाशी येऊन बसली, झाकण काढलं आणि अनामिका कुंकवात बुडवली. बोट चुलीपर्यंत आलं.

तिथं ते थांबलं.

ती लावती, तर मी तिचा हात धरला असता की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

आईनं बोट मागं घेतलं. लुगड्याच्या पदराला ते नीट पुसलं आणि करंड्याचं झाकण लावलं.

"तुमच्यात काय करतात?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "नुसतं नाव घेतात."

"मंग घे," आई म्हणाली. "मोठ्यानं घे. मले ऐकू आलं पाह्यजे."